शेती यंत्रांच्या रंगावरील डाग : त्यांची ओळख व ते काढण्याची रीत

आश्विन महिना लागला की खेडोपाडी ट्रॅक्टर, ट्रॉल्या, मळणी यंत्रे, पेरणी यंत्रे व इंजिने धुऊन पुसून स्वच्छ करण्याची लगबग सुरू होते. खंडेनवमीस अवजारांची पूजा व्हावयाची असते आणि पूजेसाठी उभे केलेले यंत्र उजळ दिसावे ही इच्छा स्वाभाविक आहे. वर्षभर साचलेले चिखलाचे, तेलाचे, डांबराचे व फवारणीच्या औषधांचे डाग या दिवसांत काढले जातात. परंतु घाईने, मिळेल त्या वस्तूने ते काढले तर डागाबरोबर रंगही निघून जातो. त्या दिवशी यंत्र चकचकीत दिसते आणि पुढील पावसाळ्यात त्याच जागी गंजाचे तांबूस ठिपके उमटतात. मागील वर्षीची सफाई हे त्याचे कारण आहे, हे बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही.

याकरिता डाग काढण्यापूर्वी डाग कशाचा आहे, तो रंगाच्या कोणत्या भागात आहे आणि तो काढणे खरोखर आवश्यक आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे शेतकऱ्याजवळ असली पाहिजेत.

रंगाचे खरे काम

लाकडी नांगर व लाकडी पाभर वापरात होती तोवर रंगाचा प्रश्न फारसा नव्हता. लोखंडी अवजारे आली तेव्हापासून शेतकऱ्याच्या मागे गंज लागला. लोखंडास हवेतील प्राणवायू व पाणी ही दोन्ही एकत्र मिळाली की गंज चढतो. त्यात मीठ किंवा खतातील क्षार मिसळले तर ही क्रिया पुष्कळच वेगाने होते. कोकणपट्टीतील खाऱ्या हवेत पत्रा लवकर का खातो, याचे कारण हेच आहे.

रंगाचा थर पाणी व हवा यांना लोखंडापर्यंत पोहोचू देत नाही. हा थर किती पातळ असतो याची कल्पना अनेकांस नसते. यंत्रावरील रंग सामान्यतः माणसाच्या केसाच्या जाडीइतका किंवा त्याच्या थोडा मागेपुढे असतो. एवढ्या पातळ पडद्यावर लाखो रुपयांच्या यंत्राचे रक्षण अवलंबून आहे. राखेने, विटकरीच्या चुऱ्याने किंवा तारेच्या ब्रशाने दोन-चार वेळा जोराने घासले तर हा पडदा फाटण्यास वेळ लागत नाही.

गंजाचा आणखी एक गुणधर्म ध्यानात ठेवावा. जेवढे लोखंड गंजते त्याच्या दुपटीहूनही अधिक जागा गंज व्यापतो. रंगाखाली गंज सुरू झाला म्हणजे तो फुगतो, वरील रंगास ढकलतो, फोड येतात व पोपडे सुटतात. मोहरीएवढ्या ओरखड्यापासून आरंभ होऊन दोन-तीन पावसाळ्यांत ट्रॉलीच्या पत्र्यास आरपार भोक पडते ते असे. खत पेटीच्या तळास असे भोक पडले तर नुकसान पत्र्यापुरते राहत नाही. खत नको तेथे गळते आणि पेरणीतील खताचे प्रमाणही चुकते.

डागाचे तीन प्रकार

यंत्रावर दिसणारे सर्व डाग तीन वर्गांत विभागता येतात.

पहिला वर्ग रंगावर बसलेल्या डागांचा. चिखल, उसाचा रस, डांबर, वंगण, चुना, पक्ष्यांची विष्ठा, चिकटपट्टीचा डिंक इत्यादी पदार्थ रंगाच्या पृष्ठभागास चिकटलेले असतात. त्यांच्याखालील रंग बहुधा शाबूत असतो. असे डाग पूर्णपणे निघू शकतात.

दुसरा वर्ग रंगात मुरलेल्या डागांचा. उन्हाने फिकटलेला रंग, कुंकवाचा किंवा गुलालाचा पसरलेला रंग, बराच काळ राहिलेल्या विष्ठेने उमटलेले वण हे या वर्गात येतात. येथे रंगाचाच वरचा भाग बिघडलेला असतो. तो थोडासा झिजविल्याशिवाय डाग जात नाही, म्हणून असा डाग पुन्हा पुन्हा काढता येत नाही.

तिसरा वर्ग रंगाखालील डागांचा. तांबूस ठिपके, फोड, उकललेल्या कडा ही गंजाची चिन्हे आहेत. असा डाग पुसून कधीही जात नाही. त्यास खरवडून पुन्हा रंग देणे हाच उपाय आहे.

वर्ग ओळखण्याची रीत सोपी आहे. यंत्र पाण्याने धुऊन वाळू द्यावे व डागावरून हलकेच नख फिरवावे. नखास उंचवटा लागला व तो मऊ किंवा चिकट असला तर डाग रंगावर आहे. पृष्ठभाग सपाट असून केवळ छटा निराळी असेल तर डाग रंगात आहे. उंचवटा लागला, दाबल्यास तो फुटला व आतून तांबूस भुकटी निघाली तर डाग रंगाखाली आहे.

दुसरी कसोटी फडक्याची. स्वच्छ पांढरे सुती फडके ओले करून डागावर हलक्या हाताने फिरवावे व फडक्यावर काय आले ते पाहावे. डागाचा रंग आला तर काम योग्य दिशेने चालले आहे. यंत्राचा रंग आला तर हात थांबवावा. त्याचा अर्थ रंग उन्हाने भुकटला आहे किंवा वापरलेले औषध रंगासच विरघळवीत आहे. काही नव्या यंत्रांवर रंगाच्या वर पारदर्शक थर दिलेला असतो. तेथे फडक्यावर रंग न येताही थर झिजू शकतो, हे विसरू नये.

सौम्याकडून तीव्राकडे

डाग काढण्याच्या कामी एकच नियम पाळावा. सर्वांत सौम्य उपाय प्रथम करावा आणि त्याने काम न झाल्यासच पुढील उपायाकडे वळावे.

पहिला उपाय पाणी. यंत्र सावलीत, इंजिन थंड असताना धुवावे. उन्हात तापलेल्या पत्र्यावर साबणाचे पाणी तेथल्या तेथे सुकते व नवे डाग निर्माण होतात. कोरडी धूळ फडक्याने कधीही पुसू नये. धुळीतील वाळूचे कण रंगावर पॉलिश पेपरसारखे काम करतात. प्रथम भरपूर पाणी ओतून माती वाहून जाऊ द्यावी. वाळलेला चिखल असल्यास त्यावर ओले पोते अर्धा तास घालून ठेवावे म्हणजे तो न घासता सुटतो. जोराच्या फवाऱ्याने धुवावयाचे झाल्यास बेअरिंग, विजेच्या तारा, डायनामो व हवा गाळणी यांवर फवारा सरळ मारू नये. सुटत आलेल्या रंगाच्या कडांवरही तो मारू नये, कारण पाणी रंगाखाली शिरते.

दुसरा उपाय सौम्य साबण. भांडी घासण्याचा पातळ साबण बादलीभर पाण्यात थोडासा मिसळून मऊ फडक्याने लावावा. धुण्याचा सोडा व कपड्यांची तीव्र पावडर रंगाची चकाकी घालवितात, सबब ती टाळावी.

तिसरा उपाय त्या त्या डागास विरघळविणारा पदार्थ. याची माहिती पुढे दिली आहे. असा कोणताही पदार्थ वापरण्यापूर्वी मडगार्डच्या आतील बाजूस किंवा आसनाखाली, सहसा न दिसणाऱ्या जागी, रुपयाएवढ्या भागावर लावून पाहावा. पाच मिनिटांनंतर रंग मऊ पडला, सुरकुतला किंवा फडक्यावर उतरला तर तो पदार्थ त्या यंत्रास चालत नाही असे समजावे.

चौथा व शेवटचा उपाय घर्षण. मोटारीच्या रंगकामात वापरतात ते रबिंगचे मलम ओल्या फडक्यावर घेऊन हलके गोल हात फिरवावेत. यात रंग झिजतोच. कडा व कोपरे येथे रंग मुळातच पातळ असतो, म्हणून तेथे विशेष जपावे.

निरनिराळ्या डागांवरील उपाय

पूजेचे डाग : हळद, कुंकू, गंध, झेंडूच्या पाकळ्या, तुपाचे ओघळ व नारळाचे पाणी पूजेनंतर दिवसेंदिवस तसेच राहतात. हळदीच्या डागावर प्रथम साबण किंवा सोडा लावू नये. क्षारामुळे हळद लालसर होते हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. नुसत्या पाण्याने धुऊन यंत्र उन्हात ठेवल्यास हळदीचा पिवळेपणा काही दिवसांत आपोआप उडतो, कारण तो सूर्यप्रकाशात टिकत नाही. कुंकू व गुलाल यांत कृत्रिम रंग मिसळलेले असल्यास ओलेपणात ते पसरतात. म्हणून ते प्रथम कोरड्या मऊ ब्रशाने झाडून काढावेत व मगच भरपूर पाणी वापरावे. तुपाचे डाग कोमट साबणपाण्याने जातात. पूजा करताना गंध-कुंकू थेट रंगावर न लावता दर्शनी भागी बांधलेल्या आंब्याच्या पानावर किंवा कागदावर लावल्यास भक्तीत उणे पडत नाही व रंगही राहतो. नारळ बंपरवर किंवा हुकावर न फोडता समोर दगडावर फोडावा. त्या घावाने उडालेली टिकली पुढे गंजाचे घर होते.

उसाचा रस, गूळ, झाडाचा चीक : उसाचा रस व गूळ कोमट पाण्यात विरघळतात. ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीचा तळ हंगामात आठवड्यातून एकदा तरी धुवावा, कारण रसावर माती बसून ओलावा धरून राहतो. झाडांचा चीक पाण्याने जात नाही. त्यावर गोडेतेल चोळून पंधरा मिनिटे ठेवावे व मग साबणाने धुवावे.

डांबर, वंगण व काजळी : डांबर खरवडू नये. फडके रॉकेलमध्ये किंवा टर्पेंटाइनमध्ये भिजवून डागावर पाच-दहा मिनिटे ठेवावे म्हणजे डांबर मऊ होते. मग स्वच्छ फडक्याने बाहेरून आत असे पुसावे, म्हणजे डाग पसरत नाही. रॉकेल आता सर्वत्र सहज मिळत नाही. त्याऐवजी थोडे डिझेल वापरता येते, परंतु ते तेलकट थर मागे ठेवते व त्यावर धूळ बसते, म्हणून लगेच साबणाने धुवावे. रबरी नळ्या, पट्टे व टायर यांवर हे पदार्थ सांडू देऊ नयेत.

चुना, सिमेंट व बोर्डो मिश्रण : द्राक्षबागांत व कोकणातील सुपारीच्या बागांत बोर्डो मिश्रणाचा उपयोग फार होतो. एक टक्क्याच्या मिश्रणात १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद व १ किलो चुना असतो. फवारणीनंतर यंत्रावर निळसर पांढरे शिंतोडे राहतात. मिश्रण नीट झाले की नाही हे पाहण्यासाठी बागाईतदार त्यात लोखंडी पाते बुडवितात व पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालतात. मोकळ्या राहिलेल्या मोरचुदातील तांबे लोखंडावर बसते व त्या बदल्यात लोखंड विरघळते, असा याचा अर्थ आहे. पात्यावर जे घडते तेच यंत्राच्या ओरखड्यातून उघड्या पडलेल्या लोखंडावर घडू शकते. म्हणून बोर्डोचे शिंतोडे त्याच दिवशी, ओले असतानाच साध्या पाण्याने धुवावेत.

वाळलेले शिंतोडे, चुन्याचे ठिपके, जड पाण्याचे पांढरे डाग यांवर व्हिनेगर व पाणी समभाग मिसळून किंवा लिंबाचा रस पाण्यात घालून लावावा. दोन-तीन मिनिटांत चुना विरघळू लागतो. लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडे पुसावे. सिमेंटवर हीच क्रिया अनेक वेळा करावी लागते. मऊ झाल्यावर ते लाकडी चपट्या पट्टीने सोडवावे. फरशी धुण्याचे तीव्र आम्ल मात्र मुळीच वापरू नये. ते रंगाच्या फटींतून लोखंडात शिरते व धुतल्यानंतरही त्याचे परिणाम दिसत राहतात. पितळेची भांडी लिंबू व मीठ लावून घासतात, ती रीतही यंत्रास लावू नये. मिठाचा कण मागे राहिला तर तो गंजास आमंत्रण देतो.

रासायनिक खते : खताचे पांढरे डाग दिसावयास निरुपद्रवी वाटतात. वास्तविक ते सर्वांत घातक होत. युरिया व इतर क्षार हवेतील ओलावा शोषून घेतात आणि म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये मिठाप्रमाणेच क्लोराइड असते. पेरणी आटोपली की त्याच संध्याकाळी खत पेटी रिकामी करून, झटकून, पाण्याने धुऊन उन्हात पालथी वाळवावी. येथे डाग काढणे म्हणजे यंत्र वाचविणे होय.

बॅटरीचे पाणी : बॅटरीखालील पत्र्यावर आम्लाचे ओघळ येऊन रंग भुसभुशीत होतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून तेथे लावावा. फेस येणे थांबले म्हणजे आम्ल संपले असे समजून स्वच्छ धुवावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. हातमोजे व चष्मा वापरावा.

चिकटपट्टी व भित्तिपत्रके : खळीने चिकटविलेला कागद ओल्या फडक्याखाली तासभर ठेवल्यास सुटतो. डिंकाची पट्टी थंडीत ओढल्यास रंगासह निघते. म्हणून ती थोडा वेळ उन्हात तापू द्यावी किंवा गरम पाण्याचे फडके ठेवावे व एका कोपऱ्यापासून पृष्ठभागालगत सावकाश ओढावी. मागे राहिलेला डिंक गोडेतेलाने मऊ करून साबणाने काढावा.

रंगाचे शिंतोडे व लिहिलेली अक्षरे : ट्रॉलीवर घातलेले जुने क्रमांक, घर रंगविताना उडालेले शिंतोडे किंवा कोणी लिहून ठेवलेली अक्षरे काढण्याचा प्रसंग नेहमी येतो. तेलरंग ओला असेतोवर टर्पेंटाइनने निघतो. वाळल्यावर मात्र खालचा रंग कोणता आहे यावर सारे अवलंबून असते. कारखान्यातील रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असेल तर तो द्रावकास बराच टिकतो. अशा ठिकाणी थिनरचा ओलसर बोळा क्षणभर फिरवून लगेच कोरड्या फडक्याने पुसल्यास वरचा रंग निघून खालचा राहू शकतो. ही क्रिया अगोदर लपलेल्या जागी करून पाहिलीच पाहिजे. यंत्र गावच्या कारखान्यात हवेवर वाळणाऱ्या तेलरंगाने रंगविलेले असेल तर वरचा व खालचा रंग एकाच जातीचे असतात. एकास काढणारे औषध दुसऱ्यासही काढते. तेथे अक्षरे पुसण्याचा हट्ट सोडून तेवढा पत्रा पॉलिश पेपरने खरखरीत करून पुन्हा रंगविणे हे कमी कष्टाचे व कमी खर्चाचे होते.

ओरखडे : दुसऱ्या वाहनास घासून त्याचा रंग आपल्या यंत्रावर लागला असेल तर तो बहुधा रबिंगच्या मलमाने जातो. ओरखड्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले तर ओरखडा खोल आहे व तो घासून जाणार नाही. त्यात लोखंड दिसत असेल तर त्याच आठवड्यात तेथे प्रायमर व रंग लावावा.

फिकटलेला रंग : उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा लाल रंग काही वर्षांत गुलाबट व खडूसारखा होतो. उन्हातील अतिनील किरणांनी रंगातील बंधक पदार्थ तुटतो व रंगाची भुकटी मोकळी पडते. हा डाग नव्हे. एकाच जागी घासल्यास तेवढा ठिपका गडद दिसतो व बाकी यंत्र अधिकच मळके वाटते. संपूर्ण पत्रा सारखा, हलक्या हाताने रबिंग करून त्यावर मेण लावावे. पुन्हा फिकट होऊ नये म्हणून यंत्र छपराखाली किंवा निदान झाडाच्या सावलीत ठेवावे. मात्र ज्या झाडावर पक्षी वस्तीस येतात ते झाड यास योग्य नव्हे.

गंज उमटल्यास

बोल्टपासून खाली आलेला तांबूस ओघळ हा पुष्कळदा रंगावरचाच डाग असतो व तो पातळ व्हिनेगरने जातो. परंतु बोल्टचा गंज तसाच ठेवला तर ओघळ पुन्हा येतो. म्हणून उगम प्रथम बंद करावा.

रंगाखालील गंजास पुढील क्रमाने काम करावे. जागा साबणाने धुऊन पूर्ण वाळवावी. सुटलेला रंग व गंज पत्र्याच्या पट्टीने व तारेच्या ब्रशाने काढावा. तारेच्या ब्रशाचे खरे स्थान हेच आहे, धड रंगावर नव्हे. नंतर पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईतो घासावे आणि सभोवतालच्या रंगाची कड उतरती करावी. टर्पेंटाइनच्या फडक्याने तेलकटपणा पुसावा. त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्यावा. उघडे लोखंड दमट हवेत एका रात्रीतही गंज धरते. प्रायमर पूर्ण वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात द्यावेत व पहिला वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. पावसाळी दमट हवेत किंवा भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर रंग लावू नये.

जुना रंग घासताना तो कोरडा घासू नये, पाण्याच्या पॉलिश पेपरने ओला घासावा. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो व त्याची धूळ, विशेषतः लहान मुलांस, विषारी असते. भारत सरकारने घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ साली केला व तो नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वी रंगविलेल्या अवजारांबाबत आणि यंत्रांसाठी असलेल्या औद्योगिक रंगांबाबत सावधगिरी बाळगणे इष्ट होय. तोंडावर मुखपट्टी बांधावी, मुलांना व जनावरांना दूर ठेवावे आणि खरवडलेला रंग जाळू नये.

जिवाची काळजी

डाग काढण्यासाठी पेट्रोल वापरण्याची सवय सर्वांत धोक्याची आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते व दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. तापलेले इंजिन, बॅटरीच्या तारांची ठिणगी किंवा जवळ पेटलेली बिडी एवढे कारण पुरे होते. पूजेच्या वेळी तर निरांजन व उदबत्तीही जवळच असते. म्हणून पेट्रोल या कामी वापरूच नये. टर्पेंटाइन व थिनरदेखील उघड्या हवेत, विस्तवापासून दूर वापरावेत, बॅटरीची तार आधी सोडावी व भिजलेल्या चिंध्या ढीग करून गोठ्यात किंवा घरात ठेवू नयेत.

फवारणी पंपावरील डाग हे औषधाचे अवशेष असतात. ते उघड्या हाताने, घरच्या फडक्याने किंवा विहिरीच्या काठावर धुऊ नयेत. रबरी हातमोजे घालावेत, धुतलेले पाणी विहीर, ओढा व जनावरांचे पाणी यांपासून दूर पडू द्यावे, ती फडकी निराळी ठेवावीत आणि काम झाल्यावर साबणाने अंग धुवावे. पंपाच्या प्लॅस्टिकच्या टाकीस थिनर लावू नये, ती तडकते किंवा मऊ पडते.

ज्या खुणा काढावयाच्या नाहीत

यंत्रावरील प्रत्येक खूण नको असलेली नसते. पुढील खुणा सांभाळल्या पाहिजेत.

ट्रॅक्टरचा चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक यांवर घासकाम, लांबी किंवा जाड रंग करू नये. नोंदणी, विमा, कर्ज व विक्री या सर्व वेळी हे क्रमांक पडताळले जातात. ते वाचता येईनासे झाल्यास प्रामाणिक मालकासही स्वतःचे यंत्र स्वतःचे आहे हे सिद्ध करताना त्रास पडतो.

फिरत्या शाफ्टजवळील व मळणी यंत्राच्या तोंडाजवळील धोक्याच्या सूचना काढू नयेत. त्या मळल्या असल्यास साबणपाण्याने स्वच्छ कराव्यात व फाटल्या असल्यास रंगाने ठळक लिहाव्यात. ते यंत्र उद्या एखादा नवा मजूर चालवील व त्यास सावध करणारे दुसरे कोणी तेथे असेलच असे नाही.

ट्रॉलीच्या मागील परावर्तक पट्ट्या हा सर्वांत महत्त्वाचा विषय आहे. ऊस हंगामात रात्री रस्त्याने जाणारी किंवा बिघाड होऊन कडेला उभी राहिलेली ट्रॉली मागून येणाऱ्या वाहनास या पट्टीवरूनच दिसते. पट्टीवर चिखल बसला, कोणी रंगाचा हात मारला किंवा थिनरने ती धुरकट झाली तर ती असून नसल्यासारखी होते. दररोज संध्याकाळी ओल्या फडक्याने ती पुसावी. साऱ्या ट्रॉलीस डाग असले तरी चालतील, परंतु ही पट्टी स्वच्छ असलीच पाहिजे. निकामी झालेली पट्टी काढून लगेच नवी लावावी.

शासकीय योजनेतून घेतलेल्या अवजारावर योजनेचे नाव किंवा क्रमांक घातलेला असेल तर तो काढण्यापूर्वी नजीकच्या कृषी कार्यालयात विचारावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

हा विषय व्याख्यानापेक्षा प्रयोगाने लवकर पटतो. भंगारातील एखादा रंगीत पत्रा किंवा जुने बॉनेट मिळवावे. त्यावर खडूने सहा चौकोन आखावेत व प्रत्येकावर डांबर किंवा वंगण लावून एक दिवस ठेवावे. सभेच्या वेळी पहिला चौकोन साबणाने, दुसरा टर्पेंटाइनने, तिसरा थिनरने, चौथा राखेने, पाचवा तारेच्या ब्रशाने स्वच्छ करून दाखवावा व सहावा तसाच ठेवावा. प्रत्येक वेळी वापरलेले पांढरे फडके त्या त्या चौकोनाखाली टांगावे. नंतर तो पत्रा ग्रामपंचायतीच्या आवारात एक पावसाळा उघडा ठेवावा. कोणत्या चौकोनास गंज चढला हे शेतकरी बंधू स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील आणि त्यांना अधिक सांगण्याची गरज उरणार नाही.

समारोप

डाग कशाचा व कोणत्या थरातील आहे हे ओळखावे. पाण्यापासून आरंभ करावा. प्रत्येक औषध लपलेल्या जागी पडताळावे. फडक्यावर यंत्राचा रंग येताच हात थांबवावा. काम संपल्यावर यंत्र कोरडे करून ग्रीस निपलांत ग्रीस भरावे, कारण धुण्याने तेथील वंगण कमी झालेले असते. काही डाग निघत नाहीत, त्यांची खंत बाळगू नये. डाग असूनही शाबूत असलेला रंग लोखंडाचे रक्षण करतोच. डाग घालविण्याच्या नादात गेलेला रंग मात्र परत आणण्यास नवा प्रायमर, नवा रंग व कामाचे दोन दिवस लागतात.